अनुभव धागा: 'माय फेअर लेडी' आणि परत आलेली एलायझा

'माय फेअर लेडी' आवडला का, असं विचारलं तर बहुतेक जण लगेच हो म्हणतात. शेवट पटला का, असं विचारलं की घरात दोन तट पडतात. म्हणून हा धागा.

जॉर्ज क्युकरचा १९६४चा चित्रपट. कोव्हेंट गार्डनच्या बाजारात फुलं विकणारी एलायझा म्हणजे ऑड्री हेपबर्न. सहा महिन्यांत हिला राजदूताच्या मेजवानीत सरदारकन्या म्हणून खपवून दाखवतो, अशी पैज घेणारा ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स म्हणजे रेक्स हॅरिसन. एवढी ओळख पुरे. कुठे पाहिलात, कुठलं गाणं मनात राहिलं आणि हिगिन्सचं घर सोडून गेलेली एलायझा शेवटी परत आली ते कसं वाटलं, हे सगळं लिहा. पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून यावं, इथे गोष्ट पूर्ण उघडी होणार आहे.

माझं मत आधीच सांगते. हा माझ्या सर्वांत लाडक्या चित्रपटांपैकी एक आहे आणि त्याचा शेवट मला दर वेळी दुखतो.

दादर, निवृत्त बँक कर्मचारी

आमच्या कॉलेजच्या दिवसांत दक्षिण मुंबईच्या थिएटरांत जुने इंग्रजी चित्रपट मॅटिनीला पुन्हा लागायचे, तेव्हा पाहिला. संवाद निम्मेच कळले असतील. पण अॅस्कटच्या शर्यतीचा प्रसंग अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. सगळे कपडे फक्त काळे, पांढरे आणि करडे. बायकांच्या डोक्यावर एवढाल्या हॅट. घोडे समोरून धावत जातात तरी एकाच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. आणि त्या पुतळ्यांमध्ये उभी राहून एलायझा आपल्या घोड्याला बाजारातल्या भाषेत ओरडून पळवते! अख्खं थिएटर हसलं होतं. ते कपडे सेसिल बीटनचे, त्याला ऑस्कर मिळालं. हे सगळं लंडन कॅलिफोर्नियात, बर्बँकच्या स्टुडिओत उभारलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

शेवटाबद्दल म्हणाल तर तेव्हा विचारच केला नाही. नायक-नायिका एकत्र आले, आम्ही खूश होऊन चर्चगेटला गाडी पकडली.

मडगाव

आमच्याकडे चित्रपटाआधी एलपी आली. हा चित्रपट ज्या संगीतिकेवरून निघाला, तिच्या ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरच्या, मूळ प्रयोगाची, १९५६ची. मुखपृष्ठावर हर्शफेल्डचं रेखाचित्र: ढगांत बसलेला दाढीवाला बर्नार्ड शॉ, मूळ नाटकाचा लेखक, दोऱ्या हलवतोय, त्या दोऱ्यांना हिगिन्स बांधलेला, आणि हिगिन्सच्या हातातल्या दोऱ्यांना एलायझा. लहानपणी मी ते चित्र तासन् तास बघत असे. बाबा व्हायोलिन शिकवायचे, त्यामुळे फ्रेडरिक लोवच्या चाली घरात सतत वाजायच्या. माझी एलायझा म्हणजे त्या तबकडीतली ज्युली अँड्र्यूज. चित्रपटात ती नाही, हे मला अजून खटकतं. निर्माते वॉर्नर यांना पडद्यावर नाव असलेली नटी हवी होती, म्हणून तिला डावललं. त्याच वर्षी ती 'मेरी पॉपिन्स'मध्ये आली आणि अभिनयाचं ऑस्कर तिने नेलं. 'माय फेअर लेडी'ला आठ ऑस्कर मिळाली, पण हेपबर्नला साधं नामांकनही नाही. दोघींवरही त्यात अन्याय झाला असं मला वाटतं.

सांगली, महाविद्यालयात प्राध्यापिका

मी तालुक्याच्या गावातली, मराठी माध्यमातली. इंग्रजी घेऊन एम. ए. करायला पुण्यात आले. पहिल्याच महिन्यात वर्गात एक उतारा वाचला आणि मागच्या बाकांवरून हसू आलं. इंग्रजीलाच नव्हे, माझ्या मराठीलाही हसायच्या मैत्रिणी होत्या. हॉस्टेलच्या हॉलमध्ये एका रात्री हा चित्रपट लावला. सगळ्या जणी 'द रेन इन स्पेन'वर टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या, कारण रात्र रात्र एकच वाक्य घोकून ते पहाटे एकदम जमणं काय असतं, ते मला माहीत होतं. नंतर तिला झोप येत नाही आणि ती गात सुटते, तेही खरं आहे. तोंडातून नवा आवाज नीट निघाला की अंगभर आनंद होतो.

पण मला घट्ट धरून ठेवलं ते मेजवानीनंतरच्या प्रसंगाने. तिघं घरी येतात. हिगिन्सचा मित्र कर्नल पिकरिंग त्याचं कौतुक करतो, हिगिन्स स्वतःचं करतो, नोकरमंडळी गाण्यातून प्राध्यापकांचा जयजयकार करतात. ती तिथेच आहे. पांढऱ्या पोशाखात, दिव्याजवळ, बाजूला. तिला कोणी शाबास म्हणत नाही, कोणी बस म्हणत नाही. कॅमेरा तिला फ्रेमच्या कडेला ठेवतो आणि आपण सारखे तिच्याचकडे बघत राहतो. हे क्युकरने फार जाणून केलं आहे.

पुढे हिगिन्सच्या आईच्या घरी ती सांगते की बाई आणि फुलवाली यांच्यातला फरक त्या वागतात कशा यात नसतो, त्यांना वागवलं कसं जातं यात असतो. मी हे वाक्य दर वर्षी वर्गात सांगते. ज्या मुलीने हे ओळखलं, ती पुन्हा त्याच घरात का जाते? मला शेवट पटत नाही, कधीच पटला नाही.

नागपूर, वाचाउपचारतज्ज्ञ

ताई, तुमचं वाचून लिहायला घेतलं. आमच्या विषयात हा चित्रपट आवर्जून दाखवतात. त्यातली यंत्रं बघण्यासारखी आहेत. ज्योतीसमोर 'ह' म्हणायचा, श्वास बरोबर सुटला तर ज्योत हलणार, ही कल्पना चांगली आहे, कारण शिकणाऱ्याला स्वतःचा श्वास डोळ्यांनी दिसतो. तोंडात गोट्या भरून बोलायला लावणं मात्र निव्वळ छळ आहे, शिवाय घशात जाण्याचा धोका. चित्रपटात ती एक गोटी गिळते, त्यावर लोक हसतात. मला हसू येत नाही.

ध्वनिशास्त्राचा सल्लागार म्हणून पीटर लॅडेफोगिड यांना घेतलं होतं, आमच्या विषयातलं मोठं नाव. त्यामुळे ती वही, ती चिन्हं, त्या स्वरांच्या तबकड्या बऱ्याच खऱ्या वाटतात. माझी हरकत एकच: हिगिन्स तिच्या बोलीला रोग समजतो. बोली हा रोग नाही. माझ्याकडे आई-बाप मुलांना घेऊन येतात, वऱ्हाडी बोलतो म्हणून सुधारा म्हणतात. मी त्यांना परत पाठवते.

ठाणे, गायिका

आवाजाबद्दल लिहिते. पडद्यावर एलायझा गाते तो आवाज बहुतांशी मार्नी निक्सन या गायिकेचा आहे. हेपबर्नने मेहनत करून स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित केली होती, तीच वापरतील अशी तिची आशा होती. 'जस्ट यू वेट'मध्ये बराचसा आवाज तिचा राहिला आहे, तो नीट ऐका. गोड नाही, किंचित फाटका आहे, पण राग खरा आहे. तिने गायलेली दोन गाणी पुढे डिस्कवर आली, तीही मी ऐकली. निक्सन सुरात अचूक आहे, हेपबर्न एलायझा आहे. मला विचाराल तर त्यांनी तीच ठेवायला हवी होती.

आपल्याला पार्श्वगायनाचं वावडं नाही. पण आपल्याकडे गाणारीचं नाव घराघरांत पोचतं. मार्नी निक्सनचं नाव श्रेयनामावलीतही नव्हतं.

कोल्हापूर

वरच्या मुद्द्याला जोडून, रेक्स हॅरिसनची उलट गंमत. त्याने आधी गाणं मुद्रित करून नंतर ओठ हलवायला नकार दिला. मला दोनदा सारखं गाता येत नाही म्हणाला. मग त्याच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवला आणि त्याची गाणी सेटवरच घेतली. कीर्तनकार निरूपण करता करता कधी पदात शिरतो ते जसं कळत नाही, तसं त्याचं आहे. सूर थोडे, तोल पक्का. दुसरं कोणी ही लकब उचलायला गेलं की फसतं.

परळ, गिरणी कामगाराचा मुलगा

एलायझाच्या बापाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आल्फ्रेड डूलिटल, कचरा उचलणारा. स्टॅनली होलोवे हा सत्तरी ओलांडलेला नट, ब्रॉडवेवरही त्यानेच ही भूमिका केली होती. तो मुलीच्या बदल्यात पाच पौंड मागतो, हे वाईटच. पण त्याचं भाषण ऐका. धर्मादाय करणारे लोक 'लायक' गरिबालाच मदत करतात, मी नालायक गरीब, पण भूक मलाही तेवढीच लागते, असं तो सांगतो. दहा पौंड देऊ केले तर नको म्हणतो, कारण दहा आले की माणूस जपून वागायला लागतो. आमच्या चाळीत संपानंतर मदत वाटायला लोक यायचे, ते आधी चौकशी करायचे, घरात कोण पितं का. डूलिटल ऐकताना मला ते आठवतं. चित्रपटात पुढे त्याला वार्षिक उत्पन्न मिळतं, सुटाबुटात येतो, लग्न करावं लागतं आणि तो सर्वांत दुःखी होतो. 'गेट मी टू द चर्च ऑन टाइम' हे सगळे जण आनंदाचं गाणं म्हणून ऐकतात. मला ते निरोपाचं वाटतं.

छत्रपती संभाजीनगर

जवळपास तीन तास म्हणजे फार झालं. मध्यंतरानंतर मला कंटाळा आला. एलायझावर भाळलेल्या फ्रेडीचं रस्त्यावरचं गाणं तेवढं आवडलं. तो जेरेमी ब्रेट, पुढे टीव्ही मालिकेतला शेरलॉक होम्स. गाण्याचा आवाज मात्र बिल शर्लीचा.

न्यू जर्सी

लेकीबरोबर बघितला, ती शाळेत होती. शेवटी हिगिन्स खुर्चीत रेलून, हॅट तोंडावर ओढून, माझ्या सपाता कुठे आहेत असं विचारतो. ती ताडकन उठली. "बाबा, आणि हिने त्या आणून द्यायच्या?" मी म्हटलं, जुना काळ. ती म्हणाली, जुन्या काळातल्या बाईला राग येत नव्हता का? एलायझाने त्याच सपाता त्याला फेकून मारल्या होत्या, ते तिच्या बरोबर लक्षात होतं. मी गप्प बसलो, कारण ती म्हणत होती ते खरं होतं.

धागाकर्ती

तुमच्या लेकीच्या बाजूने खुद्द शॉ आहे! मूळ नाटक 'पिग्मॅलियन' १९१३ साली प्रथम व्हिएन्नात झालं, पुढच्या वर्षी लंडनमध्ये. शॉच्या नाटकात एलायझा निघून जाते. पण लंडनच्या प्रयोगात हिगिन्स झालेल्या बीअरबोम ट्रीने पडदा पडण्याआधी तिच्याकडे फुलं फेकायला सुरुवात केली. शॉ संतापला. १९१६मध्ये त्याने छापील नाटकाला एक लांबलचक उपसंहार जोडला: एलायझा फ्रेडीशी लग्न करते, फुलांचं दुकान काढते, हिगिन्सशी नाही म्हणजे नाही. तरी १९३८च्या चित्रपटात सपातांचा शेवट आलाच. संगीतिकेचा लेखक अॅलन लर्नर याने तो उचलला आणि शॉचं याबाबतीत बरोबर आहे याची मला खात्री नाही, असं स्पष्ट लिहूनही टाकलं. म्हणजे आपण इथे जे भांडतोय ते शंभर वर्षांपेक्षा जुनं भांडण आहे. प्रेक्षकांना ती दोघं एकत्र हवी असतात, लेखकाला नको असतात.

पुणे, हौशी रंगकर्मी

आमच्यापैकी अनेकांनी 'ती फुलराणी' आधी पाहिलं असणार. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली शॉच्या नाटकावरून केलेलं, भक्ती बर्वे मंजुळा आणि सतीश दुभाषी प्राध्यापक. 'तुला शिकवीन चांगलाच धडा' हे स्वगत भक्तीताईंनी ज्या त्वेषाने उभं केलं, त्याची पिढ्यान् पिढ्या तालीम चालू आहे. त्या जागी चित्रपटात 'जस्ट यू वेट' हे गाणं आहे: एलायझा राजाला बोलावते आणि हिगिन्सला गोळ्या घालायचा हुकूम देववते. माझं मत असं की तालसुरात बांधल्यामुळे तिचा राग सुंदर झाला, पण थोडा निरुपद्रवीही झाला. मंजुळेच्या रागाची भीती वाटते.

लंडन

कोव्हेंट गार्डनला मराठी पाहुण्यांना हमखास नेते. फळाफुलांचा घाऊक बाजार १९७४मध्ये नाइन एल्म्सला हलला, आता तिथे दुकानं आणि रस्त्यावरचे कलाकार. शॉने ज्या सेंट पॉल चर्चच्या खांबांखाली पावसात सगळ्यांना उभं केलं, ते चर्च आहे. पाऊसही असतोच.

नाशिक

शेवटाची दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी. हिगिन्स एकटा बसून तिच्या पहिल्या दिवशीच्या आवाजाची तबकडी ऐकतोय. ती मागून येते, यंत्र बंद करते आणि तेच वाक्य, हात-तोंड धुऊन आलेय मी, स्वतः म्हणते. जुन्या बोलीत! आता तिला दोन्ही आवाज येतात आणि कुठला काढायचा ते ती ठरवते. तो सपाता मागतो, पण ती आणून देताना आपल्याला दिसत नाही. चित्रपट तिथे संपतो. मला ती हरलेली वाटत नाही.

सांगली

नाशिककर, यंत्र बंद करण्याचा मुद्दा मी कधी असा पाहिला नव्हता. पुढच्या वेळी वर्गात मुलींपुढे ठेवीन. तरी माझा प्रश्न उरतोच: तिने इतकं शिकून घेतलं, हिगिन्स काय शिकला? त्या शेवटच्या दृश्यात तो साधा उठून उभाही राहत नाही.