कादंबरीवरच्या प्रकल्पासाठी समीक्षा कुठे मिळेल?

शाईचा_डाग: मुलगी दहावीत आहे. इंग्रजीच्या प्रकल्पासाठी तिनं मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ घेतलीय. वाचून झाली, आवडलीही. पण किमान चार समीक्षालेखांचा आधार हवा, विकिपीडिया आणि गाइडं चालणार नाहीत. गूगलवर शोधलं की कथासारांश नाहीतर ‘जरूर वाचा, पाच तारे’ एवढंच सापडतं. खरी समीक्षा असते कुठे?

अर्धविराम: ते पाच तारेवालं म्हणजे परीक्षण, वाचावं की नाही एवढंच सांगणारं. समीक्षा पुस्तक वाचून झालेल्यांसाठी असते. तिचा नेमका प्रश्न काय आहे? नुसतं नाव टाकून शोधलंत तर बुडाल, या कादंबरीवर डोंगराएवढं लिहिलं गेलंय.

शाईचा_डाग: तिला त्या राक्षसाला नावच का नाही, यावर लिहायचंय.

जुना_ग्रंथपाल: वा! मग सुरुवात ग्रंथालयातून करा. ‘नॉर्टन क्रिटिकल एडिशन’ मागा. तिच्यात कादंबरीच्या मागे निवडक समीक्षालेखही छापलेले असतात, निम्मं काम तिथेच होतं. मात्र तिची स्वतःची प्रत १८१८च्या आवृत्तीवरची आहे की १८३१च्या, ते आधी बघा. शेलीनं १८३१मध्ये बरेच बदल केले. पहिल्या आवृत्तीत एलिझाबेथ ही राक्षस घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची आतेबहीण आहे, १८३१च्या आवृत्तीत बाहेरून आणलेली अनाथ मुलगी. समीक्षक एका आवृत्तीबद्दल बोलतोय आणि आपण दुसरीतलं अवतरण देतोय, हा घोळ मोठमोठ्यांचा होतो.

घरबसल्या वाचायचं तर जेस्टॉर, म्हणजे अभ्यासलेखांचा ऑनलाइन संग्रह. मोफत खातं काढलं की महिन्याला १०० लेखांपर्यंत पडद्यावर वाचता येतात.

कोरा_कागद: समीक्षक गायत्री स्पिवाक यांचा १९८५चा ‘थ्री विमेन्स टेक्स्ट्स अँड अ क्रिटीक ऑफ इम्पीरियलिझम’ हा लेख सोडू नका. शेवटाकडे फ्रँकेन्स्टाइनवर आहे.

अर्धविराम: दहावीच्या मुलीला स्पिवाक? अहो, आमचा एम.ए.ला घाम निघाला होता! त्यापेक्षा समीक्षक एलन मोअर्स द्या. ‘लिटररी विमेन’ (१९७६) या पुस्तकातलं ‘फीमेल गॉथिक’ हे प्रकरण. राक्षसाची गोष्ट ही जन्माची, बाळंतपणाच्या भीतीची गोष्ट आहे असं त्या म्हणतात. भाषा सरळ आहे. आणि जन्म दिला पण नाव दिलं नाही, हा धागा मुलीच्या प्रश्नाला आपोआप जुळतो.

कोरा_कागद: बरं बाबा, मान्य.

जुना_ग्रंथपाल: एक चांगला लेख हाती आला की पुन्हा शोधखिडकीकडे पळू नका. त्याच्या तळटीपा वाचा, त्यानं कुणाचा आधार घेतला ते कळतं. मग तोच लेख गूगल स्कॉलरवर (गूगलची फक्त अभ्यासलेख शोधणारी सेवा) शोधून खालच्या ‘साइटेड बाय’वर टिचकी मारा, नंतर कुणी त्याचा उल्लेख केला ते दिसतं. चार लेख एका संध्याकाळी होतात.

आणि नावाचाच विषय आहे तर हे द्या तिला: १८२३मध्ये या कादंबरीवर लंडनमध्ये नाटक आलं. जाहिरातपत्रकात राक्षसाच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. शेलीला ती कल्पना आवडली, तसं तिनं पत्रात लिहून ठेवलंय. हा मूळ पुरावा झाला, चार समीक्षालेखांत धरू नका. पण मांडणीची सुरुवात यानंच करायला सांगा.

शाईचा_डाग: रेघेचं ऐकून पोरगी उडालीच! नॉर्टनची प्रत मिळाली, मोअर्सचं प्रकरणही वाचलं. आता नवीन अडचण: तिला मोअर्स पटत नाहीत. म्हणते, दोष आईविना मूल घडवणाऱ्या बापाचा, म्हणजे व्हिक्टरचा आहे, यात बाळंतपण कुठून आलं? असं लिहिलं तर गुण जातील का?

अर्धविराम: जातील कशाला? तेच लिहू दे. फक्त मोअर्सचं म्हणणं आधी प्रामाणिकपणे मांडायचं, पान क्रमांकासकट, आणि मग भांडायचं.