आजीच्या लुगड्यांचा कागद, त्यावर बोरूने ओव्या: शाई फुटते, काय करावं?

सायली_चिपळूण

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. येणाऱ्या प्रत्येक घराला स्टीलचा डबा देण्यापेक्षा आजीच्याच जुन्या सुती लुगड्यांचा कागद करावा आणि त्यावर तिची एकेक ओवी लिहून द्यावी, असं मनात आहे. तीसेक कागद लागतील, साधारण दोन पोस्टकार्डांएवढे. ओव्या आजी सांगते, मी वहीत उतरवून घेते. जातं घरातून कधीच गेलं, पण हात गोल फिरवल्याशिवाय तिला पुढची ओळ आठवत नाही.

दोन सारख्या लाकडी फ्रेम घेतल्या आहेत. एकीला खिडकीची नायलॉनची जाळी ताणून ठोकलीय, दुसरी वर ठेवते. टबातल्या पाण्यात लगदा ढवळायचा, साचा बुडवून आडवा उचलायचा, मग कापडावर उपडा करायचा, इथवर जमतंय. अडचणी पुढच्या. कापडाचे धागे मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात आणि कागदात गाठी राहतात. कागद वाळल्यावर लिहायला घेतलं की शाई फुटते, काना आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात. शोभेसाठी जास्वंदीच्या पाकळ्या घालायच्या आहेत, त्या टिकतील का? आणि देवनागरीला नेमकं कलम कोणतं घ्यावं?

मंदार_ठाणे

कल्पना फार आवडली. पण तीस कागदांचा लगदा घरच्या मिक्सरवर काढणं जिवावर येईल. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तिथला सुती कागद आणलास तर सगळा वेळ अक्षरांना देता येईल.

लुगडीच वापरणार असशील तर एक धागा जाळून बघ. सुती धाग्याची हलकी राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिएस्टर वितळतं, त्याचा टणक मणी होतो. तसलं कापड कितीही दळलं तरी त्याचा कागद होत नाही.

वेलांटी

मंदार, तयार कागद उत्तम असतो, पण इथे तो चालायचा नाही. आजीचं लुगडं त्या कागदात आहे, हीच तर भेट आहे. सायली, तू करच. मी साताऱ्याला शाळेत चित्रकला शिकवायचे, आता घरी हाच उद्योग करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी लगदा. कापसाचे तंतू चिरडले जाऊन फुलतात, एकमेकांत गुंततात आणि तसेच वाळतात, तेव्हा कागद धरतो. कारखान्यात हे काम बीटर, म्हणजे लगदा चेचणारं यंत्र, तासन्‌तास करतो. मिक्सर नुसता कापतो, म्हणून घरचा निव्वळ कापडाचा कागद भुसभुशीत होतो. लुगड्याचा सगळ्यांत विरलेला भाग निवड, नेसून-धुऊन तो आधीच अर्धा तयार झालेला असतो. काठ, जर, शिवण काढून टाक. तुकडे करंगळीच्या नखाहून मोठे नकोत. धुण्याचा सोडा घालून स्टीलच्या पातेल्यात उकळ (ॲल्युमिनियमचं नको, सोडा ते खातो) आणि बुळबुळीतपणा जाईपर्यंत धू. मिक्सरमध्ये चमचाभर तुकडे आणि भांडंभर पाणी, थांबत थांबत फिरव. तरीही त्यात निम्मा लगदा चित्रकलेच्या जाड कागदाच्या कातरणांचा मिसळ. वर्तमानपत्राची रद्दी अजिबात नको, तो कागद लवकर पिवळा पडतो.

आता शाई. तुझी शाई चांगली असेल, कागद कच्चा आहे. त्याला खळ, म्हणजे शाई आत मुरू न देणारा पातळ लेप, लागलेली नाही, म्हणून तो टिपकागदाचं काम करतोय. आपल्याकडे जुन्नरला, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागदी मंडळी शतकानुशतकं कागद करत होती. पुण्यात कसब्यात कागदीपुरा हे नाव अजून आहे. त्या काळी कागद तयार झाला की त्याला खळ द्यायची, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे बोरू अडखळत नसे. मोडी दप्तरातला एखादा चांगला राहिलेला कागद उजेडात तिरका धरून बघ, घोटल्याची चकाकी दिसते. हल्ली हौसेने कागद करणारे नेमकं हेच काम वगळतात आणि दोष अक्षराला देतात. मला याचं फार वाईट वाटतं.

खळ म्हणून पुष्कळजण जिलेटिन सांगतील. ते कातड्या-हाडांपासून होतं, तेव्हा आजीच्या मंगलकार्याच्या कागदाला ते नको. आरारूट किंवा तांदळाचं पीठ पाण्यात शिजवून दुधाइतकं पातळ कर, गाळून घे. पूर्ण वाळलेल्या कागदाच्या दोन्ही बाजूंना रुंद ब्रशने लाव आणि पुन्हा वाळव. मग पाटावर ठेवून नदीतल्या गुळगुळीत गोट्याने किंवा स्टीलच्या चमच्याच्या पाठीने एकाच दिशेने घोट. दाब आधी हलका, मग वाढव. एका कोपऱ्यात टिंब देऊन पाहा. कडा स्वच्छ राहिली तर कागद तयार, नाहीतर खळीचा दुसरा हात दे.

पाकळ्या घालू नकोस. जास्वंद आणि गुलाब तपकिरी होतात. झेंडू रंग धरतो, पण ओवीच्या मध्ये तोही नको. लुगड्याचा रंग कागदात उतरेल तेवढी शोभा पुष्कळ झाली.

कलम बोरूचंच घे. धातूच्या निबच्या फटीत हातकागदाचे तंतू अडकतात. बोरूचं तोंड देवनागरीसाठी तिरकं कापतात, आणि तो तिरकेपणा रोमनच्या उलट दिशेचा असतो. इंग्रजी सुलेखनाचं तिरकं निब आणून मराठी लिहिलं की जाड तिथे बारीक येतं. शाई काजळीची, वॉटरप्रूफ घे. फाउंटन पेनची शाई उन्हात उडते.

ओळी पेन्सिलीने आखू नकोस, खोडताना तंतू उठतात. पुठ्ठ्यावर हव्या त्या अंतराने जाड दोरा ताणून बांध, त्यावर कागद ठेव आणि बोटाने दाबत जा. दोऱ्याची रेघ उमटते. पोथ्या लिहिणारे असंच करायचे. दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे, लिहायला बसण्याआधी वाच. ओळी-ओळींतलं अंतर सारखं असावं, हे समर्थांनीही बजावलंय.

दिगंबर_काका

वेलांटीताईंचं सगळं बरोबर, एक भर घालतो. माझी हयात पुस्तकबांधणीत गेली. पिठाच्या खळीला कसर लागते, कोकणातल्या दमट हवेत बुरशीही धरते. आम्ही खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतो. मात्र ते विषारी आहे. भांडं, चमचा, ब्रश कायमचे वेगळे ठेव, पोरांच्या हाती लागू देऊ नकोस आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्या कामाला लागू नकोस. नको वाटलं तर खळ पातळ ठेव आणि कागद खडखडीत वाळव, तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

सायली_चिपळूण

ताई, काका, मंदार, मनापासून आभार. काका, घरात भाचवंडं आहेत, त्यामुळे मोरचूद नको, पातळ खळच देते. ताई, अजून दोन शंका. इथे पाऊस थांबत नाही, कागद वाळवायचा कसा? आणि आजीची ओवी तीन-साडेतीन ओळींची असते, ती दोन पोस्टकार्डांच्या जागेत मोठ्या अक्षरात बसत नाही.

वेलांटी

ओला कागद कापडासकट दोन फळ्यांमध्ये ठेवून वर पाण्याने भरलेली बादली ठेव, बरंचसं पाणी निथळतं. मग तो खिडकीच्या काचेवर किंवा सनमायकाच्या फळीवर चिकटव आणि पंखा लाव. पूर्ण वाळला की कडेने सोडवून घे. काचेकडची बाजू गुळगुळीत येते, लिहायला तीच घे.

अक्षर आहे त्याच्या निम्मं कर आणि बोरूही त्या मानाने बारीक काप. मोठं फक्त एकच ठेव, ओवीत ज्याला हाक मारलीय ते नाव. आजीच्या ओवीत भाऊ असेल तर भाऊ, विठ्ठल असेल तर विठ्ठल. बाकीच्या ओळी त्याच्याखाली डावीकडून सरळ लाव. फाटक्या कडेपासून दोन बोटं जागा चारी बाजूंनी सोड, तिथे नक्षी नको.

आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात आजीचं नाव, गाव आणि कागद कोणत्या लुगड्याचा तेही लिही. रंग आजीलाच विचार.