सैन्यातली पोरं आणि तोंडाला लावायचं क्रीम : आपापले अनुभव लिहा

भाचा परवा ट्रेनिंगला निघाला. बॅग भरताना मोज्यात गुंडाळलेली सनस्क्रीनची ट्यूब सापडली, म्हणाला मामा कुणाला सांगू नकोस. पोटात तुटलं माझ्या. बर्फातल्या चौकीवर मीपण अशीच लपवून लावायचो, "नटतोस काय" ऐकायला लागायचं म्हणून. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण 10 टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली 80 टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो, त्यामुळे हनुवटीखालीसुद्धा भाजतं. तेव्हा कुणी सांगितलंच नाही हे. सोबतच्या एकाचे ओठ इतके फाटले की कोमट पाणीपण पिववेना. नोकरी केलेल्यांनी लिहा, घरच्यांनीपण.

जुनाबूट : ओठांचं अगदी अगदी!! आम्हाला झाडीत लपताना तोंडाला फासायच्या रंगाचा त्रास जास्त. रात्रभर घामासकट तोंडावर, सकाळी पाणी कमी, मग साबणाने खसाखसा घासायचं, पुरळ ठरलेलं. नंतर एका सीनियरने शिकवलं, आधी मॉइश्चरायझर लाव मग रंग. पटकन निघतो.

कुरळेकेस : माझी मान. रोज गुळगुळीत दाढी सक्तीची आणि केस वळून परत कातडीतच शिरायचा, गाठीच गाठी, कॉलर लागली तरी डोळ्यात पाणी. डॉक्टरांनी सांगितलं एका पात्याचा रेझर, केसाच्या दिशेने, कातडी ताणायची नाही. पुढे ट्रिमरने थोडे खुंट ठेवायची परवानगी मिळाली तेव्हा कुठे सुटलो

आईसाहेब : लेक सुट्टीवर आला तर चेहरा लालबुंद. मित्राने दिलेलं गोरं करायचं क्रीम, त्यात स्टेरॉइड निघालं. बंद केलं तर आणखीनच भडकलं, चार महिने गेले बरं व्हायला. पोरांनो दुसऱ्याची ट्यूब उचलून लावू नका रे

रानपाखरू : अरेरे काकू, आता कसा आहे?

आईसाहेब : बराय गं, उन्हात गेला की अजून लाल होतो. तुझी परीक्षा झाली का?

रानपाखरू : झाली, निकाल पुढच्या महिन्यात. नवऱ्यासाठी विचारायचंय, डासांचं मलम आणि सनस्क्रीन दोन्ही लावायचं तर आधी काय?

जुनाबूट : आधी सनस्क्रीन, ते मुरलं की डासांचं. आणि उन्हात असेल तर सनस्क्रीन दर दोन तासांनी परत, सकाळी एकदा लावून भागत नाही

कुरळेकेस : मामा, भाच्याला हेल्मेटचा पट्टा रोज पुसायला सांगा, हनुवटीला तिथेच फोड येतात

धागाकर्ता : आत्ताच फोन लागला त्याचा, सांगितलं. ट्यूब मोज्यातून काढून वरच्या कप्प्यात ठेव म्हटलं. शेजारच्या पलंगावरच्याने कालच मागून घेतली म्हणे.