मिनेसोटातली शाळेची पहिली थंडी: एलिमेंटरी आणि मिडल स्कूलला नेमकं काय काय असतं?

नवीन_मिनेसोटाकर

नमस्कार मंडळी, आम्ही जूनमध्ये पुण्याहून ट्विन सिटीजच्या (मिनिॲपोलिस-सेंट पॉल) एका सबर्बमध्ये आलो. धाकटी चौथीत आहे म्हणजे एलिमेंटरीला आणि थोरला सातवीत म्हणजे मिडल स्कूलला. सप्टेंबर ऑक्टोबर छान गेले, बसस्टॉपवर चार आया भेटायच्या, संध्याकाळी पार्कात मुलं खेळायची तेव्हा बोलणं व्हायचं. आता डिसेंबर लागला आणि साडेचारलाच सूर्य मावळतो, सगळे गॅरेजमधून गाडीत आणि गाडीतून गॅरेजमध्ये, शेजारीण महिनाभरात दिसलेली नाही.

आणि नेमकं आत्ताच शाळेकडून ईमेलवर ईमेल यायला लागलेत. विंटर कॉन्सर्ट, कोट ड्राइव्ह (गरजू मुलांसाठी गरम कपडे गोळा करणं), पीटीओची (पालक-शिक्षक संघटना) स्केट नाईट, स्पिरिट वीक (रोज वेगळे कपडे म्हणे), फेब्रुवारीत आय लव्ह टू रीड मंथ, त्याला वाचून दाखवायला पालक हवेत. आपल्याकडे डिसेंबरात गॅदरिंग असायचं, एकदा साडी नेसवून दिली मुलीला आणि बघायला गेलं की झालं. इथे प्रत्येक गोष्टीला साइनअप आहे आणि यातलं कुठलं महत्त्वाचं, कुठलं सोडलं तरी चालतं, काहीच अंदाज येत नाही. थोरल्याने तर स्पष्ट सांगितलंय की आई तू शाळेत येऊ नकोस. पण मला मनापासून वाटतं की मुलं दिवसाचे सात तास जिथे असतात तिथली माणसं आपल्याला ओळखीची हवीत.

अजून दोन शंका. बर्फ पडला की शाळा बंद होणार हे कळतं कसं? आणि कॉन्सर्टमध्ये ख्रिसमसची गाणी असतील तर आपण काही बोलायचं असतं का, की तसंच असतं सगळीकडे? मला काही हरकत नाही, नवऱ्याला प्रश्न पडलाय म्हणून विचारते.

उत्तरेकडची_ताई

स्वागत ताई. आधी शाळा बंद होण्याचं सांगते कारण ते जानेवारीत लागेलच. निर्णय प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणारी संस्था) आपापला घेतं, शेजारच्या गावाची शाळा बंद आणि तुमची चालू असंही होतं. पहाटे फोन, टेक्स्ट, ईमेल सगळं एकदम येतं, म्हणून शाळेच्या पोर्टलवर दोघांचे नंबर बरोबर आहेत ना ते आजच बघून ठेवा. तीन प्रकार असतात. पूर्ण बंद, दोन तास उशिरा, किंवा ई-लर्निंग डे म्हणजे मुलं घरून काम करणार. ई-लर्निंगचे दिवस राज्याच्या कायद्याप्रमाणे वर्षाला जास्तीत जास्त पाच, आणि त्याची खबर शाळेच्या नेहमीच्या वेळेच्या किमान दोन तास आधी द्यावी लागते. दोन तास उशीर हा प्रकार नोकरी करणाऱ्यांना सगळ्यात अडचणीचा, त्या दिवशी बसस्टॉपवर कोण थांबणार हे एका शेजारणीशी आत्ताच ठरवून टाका. बोलायला निमित्तही मिळतं.

बर्फापेक्षा थंडीनेच शाळा बंद होतात बऱ्याचदा. 6 जानेवारी 2014 ला तर गव्हर्नर डेटन यांनी अख्ख्या राज्यातल्या पब्लिक शाळा बंद ठेवल्या होत्या, तसं त्याआधी 1997 मध्ये झालं होतं. एरवी गव्हर्नर यात पडत नाहीत. बघायचा तो आकडा विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी. तापमान शून्य फॅरनहाइट (म्हणजे आपलं उणे 18) आणि वारा ताशी 15 मैल असला तर विंड चिल उणे 19 फॅरनहाइट होतो आणि उघड्या कातडीला अर्ध्या तासात फ्रॉस्टबाइट (थंडीने कातडी गोठणं) होऊ शकतो. सातवीतली मुलं हुडी घालून बसस्टॉपवर उभी राहतात, टोपी घालणं त्यांना कमीपणाचं वाटतं, तिथे मात्र ऐकून घेऊ नका. बस उशिरा येतेच अशा दिवशी.

ब्लॅकटॉप_ड्यूटी

मी एलिमेंटरीत लंच आणि रिसेसला (मधली सुट्टी) पॅरा म्हणजे शिक्षकांची मदतनीस म्हणून काम करते, त्यामुळे आतलं सांगू शकते. ताई बाकी काही जमो न जमो, स्नो पँट्स आणि वॉटरप्रूफ बूट हे आधी बघा, लोकरीचे हातमोजे नकोत, ते भिजले की दहा मिनिटांत निकामी, मिटन्स घ्या आणि एक जादा जोडी दप्तरात ठेवा.

का सांगते, तर आमच्याकडे आणि बहुतेक शाळांत नियम असा की स्नो पँट्स आणि बूट असतील तरच बर्फात जायचं, नसतील तर डांबरावर म्हणजे ब्लॅकटॉपवरच थांबायचं. प्लाऊवाला पार्किंगमधला बर्फ ढकलून मैदानाच्या कडेला मोठी टेकडी करून ठेवतो आणि पूर्ण हिवाळा सगळी दुनिया त्या टेकडीवर असते. किल्ले होतात, बोगदे होतात (बोगदे आम्हाला बुजवावे लागतात, कोसळण्याची भीती), कोण कुणाच्या टीममध्ये ते तिथेच ठरतं. आणि ब्लॅकटॉपवर तीन-चार मुलं भिंतीला टेकून उभी असतात, हात बाह्यांत ओढून घेतलेले, आणि टेकडीकडे बघत असतात. ती मुलं वाईट वागलेली नसतात हो, त्यांच्याकडे फक्त पँट नसते. काही नवीन देशातून आलेली, काहींच्या घरी खरंच परवडत नाही, काहींची कालची ओली असते आणि घरी ड्रायर नसतो. वीस मिनिटांचा रिसेस, रोजचा, नोव्हेंबर ते मार्च. हे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

म्हणून तुम्ही विचारलंत ना महत्त्वाचं काय, तर कोट ड्राइव्ह. लोक कोट भरपूर देतात, पण स्नो पँट्स आणि बूट कमी येतात, त्यातही चौथी-पाचवीचे मोठे साइझ तर येतच नाहीत कारण त्या वयात मुलं ते फाडतात तरी, नाहीतर ते धाकट्या भावंडाला जातात. मुलीचे यंदाचे बूट मार्चअखेर लहान झाले की ते नर्सच्या ऑफिसात नेऊन द्या, पुढच्या ड्राइव्हची वाट बघू नका. आणि उलटं पण सांगते, तुम्हाला स्वतःला लागलं तर नर्सला किंवा सोशल वर्करला बिनधास्त विचारा, कुणी कागदपत्रं मागत बसत नाही. इथे 2023 पासून शाळेतला नाश्ता आणि जेवण सगळ्याच मुलांना फुकट आहे, उत्पन्न किती ते बघत नाहीत, त्यामुळे जेवणाच्या रांगेत कोण गरीब कोण श्रीमंत कळत नाही. रिसेसला मात्र अजून कळतं.

ट्रॉम्बोनवाल्याचा_बाबा

मिडल स्कूलचं मी सांगतो. थोरला म्हणतोय येऊ नकोस ते वर्गापुरतं आणि मित्रांसमोर, कॉन्सर्टला आलेलं सगळ्यांना हवं असतं, माझा मुलगा स्टेजवरून पहिल्यांदा आम्ही कुठे बसलोय ते शोधतो आणि नंतर दिसलोच नाही असं दाखवतो. एलिमेंटरीची कॉन्सर्ट बहुतेक वेळा जिममध्ये, अर्ध्या पाऊण तासात संपते. मिडल स्कूलला बँड, ऑर्केस्ट्रा, क्वायर वेगवेगळ्या संध्याकाळी असतात, काळी पँट पांढरा शर्ट काळे मोजे, मोजे आदल्या रात्रीच काढून ठेवा. सहावीची मुलं जेमतेम सूर धरतात आणि त्यानंतर आठवीची वाजवतात तेव्हा दोन वर्षांत मुलं कुठून कुठे जातात ते कानाने कळतं, म्हणून आपल्या मुलाचं झालं की उठून जाऊ नका, शेवटपर्यंत बसा.

गाण्यांचं म्हणाल तर पब्लिक शाळा धर्माचा प्रचार करू शकत नाही, पण संगीत किंवा संस्कृती शिकवण्याचा भाग म्हणून धार्मिक गाणं बसवू शकते. साउथ डकोटातल्या सू फॉल्स डिस्ट्रिक्टची यावर केस झाली होती, 1980 मध्ये आठव्या सर्किटच्या (काही राज्यांचा मिळून एक गट) फेडरल अपील कोर्टाने शाळेचे नियम योग्य ठरवले, आणि मिनेसोटा त्याच सर्किटमध्ये येतं. मुलाला एखादं गाणं म्हणायचं नसेल तर शिक्षकांना आधी सांगितलं की सूट मिळते. पण मी म्हणेन त्याच्यापुढे जा. आमच्या क्वायरच्या बाईंना मी सप्टेंबरमध्येच विचारलं की मराठीतलं एखादं बसवता येईल का, त्या म्हणाल्या नोटेशन आणि उच्चार द्या. मी उच्चार रेकॉर्ड करून दिले, 'ळ' वर सगळे अडले, पण सोमालीभाषक मुलं, मंग (आग्नेय आशियातून आलेला एक समाज) मुलं, नॉर्वेजियन आजोबांची नातवंडं असे सगळे मिळून आपली ओवी म्हणत होते तेव्हा माझी आई व्हिडिओ कॉलवर होती आणि तिला बोलताच येईना. हिवाळ्याची गाणी ऑगस्ट-सप्टेंबरलाच ठरतात एवढं लक्षात ठेवा, यंदा उशीर झाला, पण वसंतातल्या कॉन्सर्टसाठी आत्ता विचारा.

रात्रपाळी

सगळं पटतंय पण एक बाजू राहतेय. मी हॉस्पिटलात रात्रीची ड्यूटी करते आणि नवरा पण शिफ्टमध्ये, आमच्यासारख्यांना हे साइनअप बघितलं की पोटात गोळा येतो. पीटीओची मीटिंग संध्याकाळी साडेसहाला, वाचून दाखवायची वेळ सकाळी दहाला. दर वर्षी तीच पाच-सहा घरं सगळं करतात आणि बाकीच्यांना वाटतं आपण कमी पडतो. ताई, सगळ्याला हो म्हणू नका, खरंच नका म्हणू, जानेवारीत मुलं आळीपाळीने आजारी पडणार आहेत, ताप उतरून 24 तास झाल्याशिवाय शाळा घेत नाही (औषध न देता उतरलेला हवा), त्यात तुमची रजा जाणार.

मी लॉस्ट अँड फाउंड (हरवलेल्या वस्तूंचं टेबल) घेतलंय. महिन्यातून एकदा, ड्यूटी संपवून घरी जाताना सकाळी शाळेत थांबते आणि ते टेबल लावते. मिटन्स जोडीने लावायच्या, नाव असेल तर त्या वर्गाच्या क्यूबीत (सामानाचा कप्पा) नेऊन ठेवायचं, नसेल तर फोटो काढून सेक्रेटरीला पाठवायचा, ती पालकांच्या न्यूजलेटरमध्ये टाकते. राहिलेलं ट्रायमेस्टर (शाळेचं सत्र) संपला की धुऊन नर्सकडे. कुणालाच नको असलेलं काम होतं ते. पण त्यामुळे ऑफिसमधली बाई, कस्टोडियन (साफसफाई बघणारा), नर्स तिघं मला नावाने ओळखतात, आणि मुलाला वर्गात त्रास होत होता तेव्हा मीटिंगच्या आधी नर्सनेच मला बाजूला घेऊन सांगितलं. दहा कार्यक्रमांना एकेकदा जाण्यापेक्षा एकच काम धरा आणि ते दर महिन्याला करा. पार्टीला कपकेक नेणारी आई कुणाच्या लक्षात राहत नाही.

उत्तरेकडची_ताई

रात्रपाळी, कपकेकवाल्या आयांबद्दल असं नका बोलू, मी तीच आहे 🙂 आणि मला त्यातूनच मैत्रिणी मिळाल्या. पण एक काम धरून ठेवायचं हे शंभर टक्के. आणि वर्गात काही मदत करायची असेल तर बॅकग्राउंड चेकचा फॉर्म आधी भरा, त्याला कधी कधी दोन-तीन आठवडे जातात, ऐन फेब्रुवारीत धावपळ नको.

व्हॅलेंटाइनचं पण आत्ताच सांगून ठेवते, एलिमेंटरीत चिठ्ठी द्यायची तर वर्गातल्या प्रत्येकाला द्यायची, शिक्षक नावांची यादी पाठवतात. नावं मुलीलाच लिहू द्या, त्या निमित्ताने वर्गात कोण कोण आहे ते तुम्हालाही कळतं, कुणाशी बोलते कुणाशी नाही ते सगळं बाहेर येतं. मिडल स्कूलला हा प्रकार नसतो.

नवीन_मिनेसोटाकर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. ब्लॅकटॉपचं वाचून मी रात्री मुलीला विचारलं तर म्हणाली तिच्या वर्गातली एक मुलगी रोज भिंतीपाशी असते आणि ही कधी कधी टेकडी सोडून तिच्याबरोबर थांबते. मला हे माहीतच नव्हतं. मुलीच्या मापाची एक स्नो पँट जास्तीची घेऊन शाळेत द्यायची आहे पण त्या मुलीला ओशाळवाणं वाटू नये, कशी देऊ?

आणि आय लव्ह टू रीडसाठी मराठी पुस्तक वाचलं तर चालेल का, की इंग्रजीच हवं? स्केट नाईटला पण जावं म्हणते, पण आमच्यापैकी कुणीच आयुष्यात स्केट्स घातलेले नाहीत.

ब्लॅकटॉप_ड्यूटी

नर्सकडे द्या आणि फक्त एवढंच सांगा की चौथीच्या मापाची आहे. कुणाला लागणार ते तिला माहीत असतं. ती मुलीला ऑफिसात बोलावते, "ही तुझ्या मापाची दिसते, बघ बरं" म्हणते, बाकी मुलांना पत्ता लागत नाही. टॅग काढून टाका आणि आत नाव लिहायची पट्टी कोरी ठेवा. मुलीला घरी सांगू नका कुणासाठी घेतली ते, चौथीतल्या मुलांच्या पोटात राहत नाही.

मराठी पुस्तक नक्की वाचा, शिक्षकांना आधी कळवा, चित्रं मोठी असलेलं घ्या आणि एक पान मराठीत एक इंग्रजीत असं सांगा. मुलं त्यांची नावं देवनागरीत लिहून मागतात, फळ्यावर लिहायला मार्कर मागून घ्या.

स्केटिंगचं टेन्शन नको. पार्कमधल्या रिंकला वॉर्मिंग हाऊस (ऊब घ्यायची खोली) असतं, काही ठिकाणी तिथेच स्केट्स उसने मिळतात, पीटीओला विचारून बघा. नवशिक्यांना ढकलत न्यायला छोटे आधार ठेवलेले असतात बऱ्याच ठिकाणी. अर्धे पालक बर्फावर उतरतच नाहीत, आत हीटरपाशी बाकावर बसून मुलांच्या नाड्या बांधून देत असतात. तुम्ही तिथेच बसा, नाडी बांधून घ्यायला दुसऱ्यांची मुलं पण येतील.

ट्रॉम्बोनवाल्याचा_बाबा

नाड्या घोट्यापाशी घट्ट आणि पंजापाशी सैल. मोजे एकच जोडी, पातळ. दोन जोड्या घातल्या की पाय आवळतात आणि जास्त गार पडतात.