आईचं स्टिरॉइड: सूज उतरली, शुगर चढली. हे रिसेप्टर प्रकरण कोणी समजावेल का?

नमस्कार मंडळी, आईला (वय ६२) आमवात आहे, ऱ्हुमॅटॉइडवाला. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा चालू आहे पण त्याचा गुण यायला वेळ लागतो म्हणून सोबत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलंय, दीड महिना झाला. सकाळी जिची बोटं तासभर वळत नव्हती ती चौथ्या दिवशी कणीक मळायला बसली, मला रडूच आलं. पण आता जेवणानंतरची शुगर २३० आलीय, आधी कधीच नव्हती, चेहरापण सुजल्यासारखा दिसतो, त्यात शेजारच्या काकू म्हणाल्या स्टिरॉइड म्हणजे विष, तेव्हापासून आईचा एकच धोशा, मी बंद करते.

माझं बीएस्सी बायोकेममध्ये झालंय म्हणून थोडं वाचलं. औषध पेशीत शिरून ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला (अशी स्टिरॉइडं ओळखणारं पेशीतलं प्रोटीन) चिकटतं, मग ती जोडी केंद्रकात जाऊन जीन्स चालू-बंद करते. माणसात असे ४८ न्यूक्लियर रिसेप्टर आहेत, व्हिटॅमिन डीचा पण त्यातलाच. मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या पेशंटला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं ते १९४८ मध्ये, मग इतक्या वर्षांत फक्त सूज उतरवेल आणि साखरेला हात लावणार नाही असं स्टिरॉइड का नाही निघालं? आणि आईला काय सांगू म्हणजे तिला पटेल? अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी आहे.

पहिला प्रतिसाद:

ताई, आधी हे बघा, गोळी एकदम बंद करू देऊ नका. अंगातलं स्वतःचं स्टिरॉइड म्हणजे कॉर्टिसॉल, ते मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी बनवतात. बाहेरून आयतं स्टिरॉइड मिळतंय म्हटल्यावर मेंदू या ग्रंथींना कामाला लावायचंच सोडतो, त्या सुस्तावतात, आणि गोळी अचानक थांबली की अंगातलं कॉर्टिसॉल पुरत नाही, बीपी पडतं, उलट्या होतात, जिवावरपण बेतू शकतं. आईंना हेच सांगा, ग्रंथी जाग्या व्हायला वेळ द्यायचा म्हणून डोस हळूहळू उतरवतात. शुगरचा आकडा मात्र आजच फोन करून कळवा, गुरुवारची वाट बघू नका.

बाकी तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर दोन्ही कामांना रिसेप्टर एकच. तोच एनएफ-कप्पा-बी या सूज भडकवणाऱ्या प्रोटीनला आवरतो आणि तोच लिव्हरमध्ये साखर बनवणारी जीन्स चालू करतो. ही दोन कामं वेगळी काढता येतील म्हणून बरेच रेणू बनवून झाले, पण सूज उतरवायलाही गिल्झसारखी (सूज दाबणारं प्रोटीन बनवणारी) काही जीन्स चालूच व्हावी लागतात असं दिसलं, तिथे गाडी अडते.

कॅल्शियम आणि डी३ चालू आहे का? स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, फोनवर तेही विचारून घ्या.