आरपीजी सर्वांसाठी करताना नेमके काय वगळले जाते?

वाटसरू (धागाकर्ता)

गेल्या वीस-बावीस वर्षांत मोठ्या स्टुडिओंचे आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम) पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक लोकांपर्यंत पोहोचले, हे कोणी नाकारणार नाही. माझा आक्षेप त्या पोहोचण्याला नसून त्यासाठी निवडलेल्या मार्गाला आहे. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतावे, तसे या खेळांचे झाले आहे. हे मोघम राहू नये म्हणून एकच मालिका उदाहरणादाखल घेतो, ती म्हणजे बेथेस्डाची ‘द एल्डर स्क्रोल्स’.

२००२ मधील ‘मॉरोविंड’मध्ये कुठे जायचे हे दाखवणारा मार्कर नव्हता. काम सोपवणारा माणूस वाट तोंडी सांगत असे : गावाबाहेरच्या पुलावरून पलीकडे जा, फाटा लागला की अमुक दिशेला वळा, मग टेकडीच्या पायथ्याशी दार दिसेल. ते वर्णन जर्नलमध्ये, म्हणजे खेळातल्या नोंदवहीत, नोंदले जाई आणि पुढे तुम्ही व तुमचे डोळे. कौशल्ये सत्तावीस होती. भाला स्वतंत्रपणे शिकावा लागे, मध्यम वजनाचे चिलखत वापरण्याचे कौशल्यही वेगळे होते. हवेत तरंगण्याचा मंत्र येत असेल, तर भिंत किंवा कडा आडवा येत नसे. कथेसाठी अत्यावश्यक असलेल्या व्यक्तीलाही तुम्ही ठार करू शकत होता. भविष्यवाणीचा धागा तुटला आहे, तेव्हा जुना सेव्ह उघडा किंवा या वाया गेलेल्या जगातच पुढे चालत राहा, एवढेच खेळ कळवत असे.

२००६ च्या ‘ओब्लिव्हियन’मध्ये कौशल्ये एकवीस झाली आणि २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये अठरा. तरंगण्याचा मंत्र आणि भाला गेले, पुढे बळ, बुद्धी, चपळता हे मूळ गुणही गेले. महत्त्वाच्या व्यक्ती मरेनाशा झाल्या. त्या बेशुद्ध पडतात आणि थोड्या वेळाने अंग झटकून उठतात. ‘ओब्लिव्हियन’मध्ये तुमच्या लेव्हलबरोबर साऱ्या जगाची लेव्हल वाढत असल्याने, पुढे पुढे रस्त्यावरचा किरकोळ लुटारूसुद्धा अतिशय महागडे चिलखत घालून तुमच्याकडे शंभर मोहरा मागतो. ते चिलखत विकले असते तर त्याला लूटमार करण्याची गरजच उरली नसती!

यावर ‘मार्कर नको असेल तर बंद करा’ असे उत्तर हमखास दिले जाते. ते बंद करून पाहावे. ‘स्कायरिम’चे जर्नल बहुतेक वेळा फक्त ‘अमुक गुहेतील टोळीच्या म्होरक्याला मारा’ एवढेच लिहिते. गुहा कुठे आहे, हे कोणी सांगितलेलेच नसते. नवख्या खेळाडूसाठी सोय वाढवली असती तर माझी तक्रार नव्हती. पण येथे जुन्या खेळाडूला जे मिळत होते ते काढून घेतले आणि त्या जागी बाण बसवला.

निशिगंधा

वाटसरू, तुमची उदाहरणे अचूक आहेत, परंतु तुमचा आरंभबिंदू सोयीस्कर आहे. तुम्ही २००२ पासून मोजायला सुरुवात केली म्हणून ‘मॉरोविंड’ मूळ ठरले आणि नंतरचे सारे ऱ्हास ठरले. त्याच मालिकेतील १९९६ चा ‘डॅगरफॉल’ घेतला, तर त्यात पस्तीस कौशल्ये होती, भिंतीवर चढण्याचे कौशल्य होते आणि राक्षसांच्या निरनिराळ्या भाषा बोलण्याचीही कौशल्ये होती. ‘मॉरोविंड’ने ती सगळी वगळली, जग कितीतरी पटींनी लहान केले आणि खेळ एक्सबॉक्सवरही आणला. ‘डॅगरफॉल’च्या दृष्टीने पाहिले तर आमटीत पहिले पाणी तुमच्याच लाडक्या खेळाने ओतले.

आणखी मागे जायचे असेल, तर १९८६ चा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ पाहा. त्याचे कर्ते युजी होरी यांना अमेरिकी ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ मनापासून आवडत होते, पण जपानमधील घराघरांत जे यंत्र होते ते निन्टेन्डोचे फॅमिकॉम, आणि त्याच्या कंट्रोलरवर मोजकीच बटणे. त्यांनी सहा जणांच्या तुकडीच्या जागी एकटा नायक ठेवला आणि एका वेळी एकच शत्रू समोर आणला. ‘विझर्ड्री’मध्ये मेलेला सोबती जिवंत करण्याचा प्रयत्न फसला, तर त्याची राख होत असे आणि पुढे तो कायमचाही जाऊ शकत असे, ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये हरलात तर राजासमोर उभे राहता आणि खिशातले निम्मे सोने जाते, बस्स. ज्याला डावपेच जमत नाहीत, त्याने थोडा अधिक वेळ लढून लेव्हल वाढवावी आणि पुढे सरकावे. हे सगळे उघडपणे व्यापक प्रेक्षकवर्गासाठी केलेले सुलभीकरण होते, आणि त्यातूनच जपानी आरपीजीची अख्खी परंपरा उभी राहिली. आपण ज्याला ‘गाभा’ म्हणतो, तो बहुतेक वेळा आपण पौगंडावस्थेत खेळलेला गेम असतो.

फासा

निशिगंधा यांचा ऐतिहासिक मुद्दा मान्य. तरीही दोन प्रकारच्या वगळण्यांत फरक करायला हवा. होरी यांनी यंत्राच्या आणि नवख्या मुलांच्या मर्यादा ओळखून नियम कमी केले. ‘ओब्लिव्हियन’पासून जे झाले, त्याचे एक मोठे कारण नियमांच्या किचकटपणात नसून आवाजात आहे, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

‘मॉरोविंड’मधील बहुतांश संवाद केवळ मजकुराच्या रूपात होते. मजकूर स्वस्त असतो. एका गावातील वीस माणसे एकाच गुहेविषयी वीस प्रकारे बोलू शकतात, आणि प्रकाशनाच्या महिनाभर आधी गुहा नदीच्या पलीकडे हलवली तर लेखक एक ओळ बदलून मोकळा होतो. ‘ओब्लिव्हियन’मध्ये प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रित झाले. आता तीच गुहा हलवायची तर नटाला पुन्हा स्टुडिओत बोलवावे लागणार, आणि खेळ अनेक भाषांत निघणार असेल तर त्या प्रत्येक भाषेत हे करावे लागणार. साहजिकच लेखक अशी वाक्ये लिहू लागतो, जी नकाशा कसाही बदलला तरी खोटी ठरणार नाहीत : ‘ती गुहा तुमच्या नकाशावर दाखवतो.’ म्हणजे खेळाडू मंदबुद्धीचे आहेत असे मानून मार्कर आणला, हे निदान अपुरे आहे. बोलकी पात्रे हवीत, अशी मोठ्या प्रेक्षकवर्गाची अपेक्षा होती आणि मार्कर हा त्या अपेक्षेचा आडपरिणाम होता. बायोवेअरच्या ‘ड्रॅगन एज’चेही असेच झाले. २००९ च्या पहिल्या भागात नायकाच्या संवादांना आवाज नव्हता, म्हणून त्याला एकेका प्रश्नाला पाच-सहा लांबलचक उत्तरे देता येत. २०११ च्या दुसऱ्या भागात त्याला आवाज मिळाला आणि उत्तरे चाकावरच्या तीन-चार शब्दांच्या तुकड्यांत मावू लागली.

तरीही आवाज आला की खोली जाते, हा नियम नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला लारियनचा ‘बाल्डर्स गेट ३’ पूर्णपणे ध्वनिमुद्रित आहे, टर्न-बेस्ड आहे (म्हणजे लढाईत प्रत्येकाने आपापल्या पाळीने चाल करायची), आणि संवादात काही अवघड करायचे असेल तर वीस बाजूंचा फासा चक्क पडद्यावर टाकून दाखवतो : किती आकडा हवा, कोणत्या गुणामुळे किती भर पडली, सगळे डोळ्यांसमोर. जुन्या खेळांत हे हिशेब पडद्याआड चालत आणि चाहते ते वह्यांत उतरवत. लारियनने हिशेब तसाच ठेवून तो उघड केला. वाटसरूंना हवी असलेली मोकळीकही तिथे आहे. जवळजवळ कोणालाही मारता येते आणि कथा वाट काढत राहते. मेलेल्याच्या प्रेताशी बोलून माहितीसुद्धा काढता येते, मात्र मारेकरी तुम्हीच असाल तर ते प्रेत तुमच्याशी बोलत नाही, आधी वेश बदलावा लागतो. अशा खेळाला ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये २०२३ चा सर्वोत्तम खेळ म्हणून गौरवण्यात आले.

सह्यकडा

मी या चर्चेत सहसा पडत नाही, पण एक बाब येथे कोणीच मांडलेली नाही. वाटसरू ज्या तोंडी वाटांचे गोडवे गातात, त्या इंग्रजीत होत्या. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात, जिल्ह्याच्या ठिकाणी झाले. ‘मॉरोविंड’मध्ये पाच मिनिटे चालण्यासाठी दहा मिनिटे वाचावे लागे, आणि त्यातल्या ‘फूटहिल्स’ आणि ‘रॅव्हिन’सारख्या शब्दांपाशी अडलो की मागे फिरायचे. हे खेळ मराठीत कधी आलेच नाहीत. ‘स्कायरिम’ सुरू झाला तेव्हा बाण होता, पात्रे बोलत होती, खाली सबटायटल्स होती. कानांनी आणि डोळ्यांनी मिळून जेवढे कळायचे तेवढे कळले आणि मी तो शेवटपर्यंत नेला. जुन्या खेळांतील शोध घेण्याचा आनंद खरा असेल, परंतु तो आनंद घेण्याची पात्रता कोणाकडे होती, हेही मोजायला हवे. बेथेस्डाचे टॉड हॉवर्ड यांनी २०२३ मध्ये ‘स्कायरिम’च्या सुमारे सहा कोटी प्रती विकल्या गेल्याचे सांगितले होते. त्या सहा कोटींत माझ्यासारखे बरेच असणार, आणि त्यांना ‘मेनस्ट्रीम’ म्हणून नाक मुरडणे मला पटत नाही.

वाटसरू

सह्यकडा, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि बाण तुमच्यासाठी असायलाच हवा. मी तो काढा म्हणत नाही, बाणाबरोबर वाक्यही ठेवा म्हणतो. फासा यांनी दिलेले आवाजाचे कारण पटते, पण कारण कळल्याने नुकसान भरून निघत नाही.

निशिगंधा, ‘डॅगरफॉल’चा टोला लागला, तरी त्याने माझा मुद्दा खोडला जात नाही. राक्षसांच्या भाषा वगळल्याने खेळाडूच्या हातून कोणताही महत्त्वाचा निर्णय गेला नाही, कारण त्या कौशल्यांचा उपयोग जेमतेमच होता. महत्त्वाची व्यक्ती अमर केल्याने निर्णय जातो. माझी कसोटी आकड्यांची नाही. ‘मास इफेक्ट ३’ने २०१२ मध्ये खेळाच्या आरंभीच तीन पर्याय दिले होते. त्यांपैकी ‘ॲक्शन’ निवडला की संवादांतील उत्तरे खेळ स्वतःच देतो, आणि ‘स्टोरी’ निवडला की लढाई अगदी सोपी होऊन निर्णय मात्र तुमच्याकडे राहतात. दुसरा पर्याय मला सर्वसमावेशक वाटतो. पहिल्यात, ज्यासाठी हा खेळ घ्यायचा तेच ऐच्छिक करून टाकले आहे.

हिशेबनीस

येथे सगळे रचनेवर बोलत आहेत, पैशांवर कोणी बोलत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ हा शब्द अशा प्रत्येक चर्चेत ब्रह्मास्त्रासारखा फेकला जातो. त्यामागे जवळजवळ तीन वर्षांचा अर्ली ॲक्सेस (अपुरा खेळच आधी विकून खेळाडूंच्या मतांवर सुधारणे) होता, अर्धशतकाहून जुन्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या आरपीजीचे नाव होते आणि बाहेरच्या प्रकाशकाला उत्तर देण्याची सक्ती नसलेला स्टुडिओ होता. ऑब्सिडियनचा ‘पिलर्स ऑफ इटर्निटी २ : डेडफायर’ २०१८ मध्ये आला. लेखन उत्तम, व्यवस्था सखोल, संवाद पूर्ण ध्वनिमुद्रित, पुढच्या वर्षी टर्न-बेस्ड लढाईचा पर्यायही जोडला, आणि तरीही प्रकाशनानंतरची विक्री निराशाजनक राहिली. खोली ठेवली की लोक आपोआप येतात, ही चाहत्यांची आवडती समजूत आहे.

उलट बाजूही तितकीच निसरडी आहे, हे मान्य करतो. ‘ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड’ ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस आला. मधल्या काळात त्याचा आराखडा मल्टिप्लेअर करण्यात आला होता आणि नंतर तो पुन्हा एकट्याने खेळायचा करण्यात आला; लढाई वेगवान केली, सोबत्यांवरचे थेट नियंत्रण काढले. जानेवारी २०२५ मध्ये त्याची प्रकाशक कंपनी ईएने सांगितले की खेळाडूंची संख्या पंधरा लाखांच्या आसपास, म्हणजे अपेक्षेच्या जवळपास निम्मी आहे. त्यानंतर कंपनीच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांसमोर काढलेला निष्कर्ष असा, की खेळाडूंना आता एकत्रित जगाच्या, म्हणजे इतरांबरोबर एकाच जगात खेळण्याच्या, सुविधाही हव्या आहेत. म्हणजे प्रेक्षकवर्ग रुंदावण्याचा प्रयत्न फसला, तर तो पुरेसा रुंद नव्हता असे ठरते. या हिशेबाला काय म्हणावे, ते मला उमगत नाही.

निशिगंधा

हिशेबनीसांच्या शेवटच्या दोन वाक्यांवर माझे आणि वाटसरूंचे प्रथमच एकमत होईल असे दिसते. तरी एक भर. ‘मोठ्या प्रेक्षकांना टर्न-बेस्ड चालत नाही’ हे गृहीतक धरून ‘फायनल फँटसी १६’ने २०२३ मध्ये लढाई संपूर्ण ॲक्शन केली आणि त्यासाठी ‘डेव्हिल मे क्राय ५’वर काम केलेले र्योता सुझुकी यांच्याकडे सूत्रे दिली. मग ज्यांना तशी बोटे चालवता येत नाहीत त्यांच्यासाठी अंगठ्या ठेवल्या : एक घातली की नायक आपोआप वार चुकवतो, दुसरी घातली की एकच बटण दाबून डौलदार वारांची माळ होते. मला त्या अंगठ्या आवडल्या. मात्र एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्समधील माँपेल्ये येथील सँडफॉल या छोट्या स्टुडिओच्या टर्न-बेस्ड ‘क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्स्पिडिशन ३३’च्या पहिल्या तीन दिवसांतच दहा लाख प्रती खपल्या. तेव्हा प्रेक्षकांना काय चालत नाही, हे ठरवणाऱ्यांनी जरा बेताने बोलावे.

फासा

वाटसरूंची ‘बाणाबरोबर वाक्यही’ ही मागणी एका अगदी मेनस्ट्रीम खेळाने पूर्ण केली होती, हे नोंदवतो. युबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’मध्ये २०१८ साली ‘एक्सप्लोरेशन मोड’ होता. तो निवडला की मार्कर जातो आणि ठिकाणाविषयीचे दुवे मिळतात : अमुक प्रांतात, अमुक देवळाच्या दक्षिणेला, नदीकाठी. ज्यांना बाण हवा त्यांच्यासाठी दुसरा पर्याय होताच. ती मालिका मूळची आरपीजी नव्हती. लोकप्रिय ॲक्शन मालिका आरपीजीकडे सरकली आणि येताना ही सोय घेऊन आली.

वाटसरू

‘ओडिसी’ मी त्याच पर्यायावर खेळलो आहे आणि ग्रीसचा नकाशा त्यामुळे लक्षात राहिला, हे खरे. परंतु ते दुवे म्हणजे एका साच्यातल्या दोन-तीन ओळींच्या चिठ्ठ्या आहेत. मच्छीमार आणि सेनापती दोघेही ठिकाण त्याच चिठ्ठीने सांगतात. फासा म्हणतात तसे असेल, तर प्रत्येकाच्या तोंडी वेगळी वाट घालणे ध्वनिमुद्रणात परवडत नाही. मग त्या एवढ्या ओळी मुद्रित न करता नुसत्या लिहून का चालू नयेत? सह्यकडा, अशा खेळात बाण चालू ठेवून तुम्ही ती वाक्ये वाचली असती का, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

सह्यकडा

पहिल्या खेळीत नाही. दुसऱ्या खेळीत वाचली असती, कारण तोवर गुहा कुठे आहे ते ठाऊक झालेले असते आणि वाक्याचा अर्थ जागेवरून लावता येतो. ‘रॅव्हिन’ म्हणजे काय, हे मला ‘स्कायरिम’मधल्या एका घळीत उतरल्यावरच कळले होते.