विश्वामित्री नदीच्या मगरी मोजायच्या की काठावरची घरं?

बाबाजीपुरा_७
ऑगस्ट २०२४ च्या पुरापासून वडोदऱ्यात एक टोमणा रूढ झालाय: "माणसं बुडाली आणि तुम्ही मगरीची अंडी मोजताय!" माझ्या मते अंडी मोजणाऱ्यालाच वस्तीची बाजू नीट मांडता येते. मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या मऊ मातीत खड्डा करून २५-३० अंडी घालते. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्लं निघतात. काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, केलंत की खड्डा करायला माती उरत नाही. मग तिने भुखी नाहीतर रूपारेल कांसाकडे, म्हणजे नदीला मिळणाऱ्या नाल्याकडे, सरकायचं. आणि कांसाच्या कडेला कोण राहतं, हे सांगायला नको.

शियाबागकर
म्हणजे वस्तीचा विचार करायलासुद्धा मगरीच्या पाठीवर बसून यायचं! मगरीला १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, पहिल्या अनुसूचीत जागा आहे. काठावरच्या बाईच्या वाट्याला एकच शब्द, अतिक्रमण. तिला उठवून शहराच्या टोकाला घर दिलं की धुण्याभांड्याची चारही कामं सुटतात, कारण मिळकतीतलं बरंचसं रिक्षालाच जातं. आधी हे बोला. दुर्बिणी नंतर.

कमाटीबाग
प्राणी आणि माणूस, दोन्ही आपल्या कमाटीबागेत आहे की. म्युझियममध्ये ब्लू व्हेलचा सांगाडा. आणि १९१७ मध्ये बाबासाहेबांना जातीपायी पारशी धर्मशाळेतून हाकललं, तेव्हा ते याच बागेत झाडाखाली येऊन बसले होते.

शियाबागकर
प्रतीकं पुरे झाली, साहेब. उद्या सकाळी करायचं काम सांगा.

बाबाजीपुरा_७
सांगतो. पूर ओसरला की भिंती धुवायच्या आत गाळाची रेघ मोजा. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल-नळी घ्या, पाण्यात चिमूटभर रंग टाका. एक टोक पुलाच्या कठड्यासारख्या न हलणाऱ्या खुणेपाशी, दुसरं घराच्या भिंतीशी. नळीतलं पाणी पहिल्या टोकाला त्या खुणेशी स्थिरावलं की दुसऱ्या टोकाच्या पाण्याच्या उंचीवर भिंतीवर खूण करा, तिथून गाळाच्या रेघेपर्यंत टेप लावा. घर क्रमांक आणि टेप एकाच फोटोत, तारखेसकट.

चुका दोन ठिकाणी होतात. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप सरळ खोटं येतं. नळी हळूहळू भरा, टिचक्या मारत. दुसरी चूक जास्त फसवी आहे. वीट पाणी वर ओढते, त्यामुळे ओल खऱ्या पातळीच्या वर चढलेली असते. ओलीची कड सोडा, खालची बारीक गाळाची रेघ धरा. गाडीच्या लाटेने उडालेले शिंतोडेही मोजू नका.

सगळ्या गल्लीची मापं एका कागदावर मांडली की पाणी कुठून शिरलं ते कळतं. नदी चढली की कांस तिच्यात रिकामा होत नाही, पाणी उलटं फिरून वस्तीत येतं. तसं असेल तर नदीच्या बाजूला भिंत बांधून ती गल्ली वाचायची नाही. पुनर्वसनाच्या बैठकीत हे कोणाला तरी मापासकट बोलता आलं पाहिजे.

शियाबागकर
पंचनाम्याला आलेला माणूस लाइटबिल मागतो, गाळाची रेघ नाही. भाडेकरूच्या नावावर बिल नसतंच.

बाबाजीपुरा_७
खरं आहे, रेघ काही बिलाची जागा घेत नाही. पण "तुमच्याकडे पाणी आलंच नव्हतं" असं म्हणायची सोय राहत नाही. अर्जाला फोटो आणि शेजारच्या दोन घरांची मापं जोडा. एकट्या घराचं माप खोडता येतं, ओळीतल्या बारा घरांचं अवघड जातं.

कमाटीबाग
आणि मगरी?

बाबाजीपुरा_७
थंडीत, ऊन चढल्यावर, काठावर शेकायला आलेल्या मोजायच्या. लहान पिल्लं गवतात नजरेतून सुटतात, म्हणून आलेला आकडा खऱ्यापेक्षा कमीच आहे असं धरायचं. मोजताना काठावरच्या धुण्याच्या जागाही नकाशावर घ्या. श्रीलंकेत अशा जागांभोवती पाण्यात खुंट रोवून कुंपण करतात.

शियाबागकर
कुंपणाचं नंतर बघू. नळी किती फुटांची घ्यायची? गल्लीला दोन वळणं आहेत.

बाबाजीपुरा_७
५० फूट. वळणांचं काही नाही, नळी कोपऱ्याआडूनही लेव्हल देते. फक्त दोन्ही टोकांवरचे अंगठे एकदमच उचला, नाहीतर पाणी सांडतं आणि परत भरत बसावं लागतं.